दिल्लीची ओवाळणी

शिरपूर जैन,
ता. ४ डिसेंबर १९७२

चि. शालिकराम यास गुलाबरावाचा आशीर्वाद. इकडे सारं बरं आहे, विहिरीचं पाणी तेवढं सोडून.

मी सुखरूप पोचलो. खंडव्याला गाडीची चार तास वाट पाहिली, पण तुझ्या मंडळींनी बांधून दिलेल्या पुऱ्या थेट अकोल्यापर्यंत पुरल्या. त्यांना सांग, असं जेवण प्रवासात आजवर कोणी दिलं नव्हतं. आणि तुला काय सांगू? मेहुण्याला आठ दिवस घरात ठेवून घेणं सोपं, पण रोज कचेरीतून आल्यावर पुन्हा त्या अफाट प्रदर्शनात हिंडवणं तूच करू जाणे.

गावात उतरल्यापासून मला दुसरं काम उरलेलं नाही. सकाळी मेथी कापायला बसलो की कोणी ना कोणी मळ्याच्या धुऱ्यावर येऊन उभा राहतोच. ‘गुलाबभाऊ, दिल्लीचं सांगा ना बाप्पा!’ की मी सुरू. टेलिव्हिजनची गोष्ट आजपर्यंत तीस वेळा तरी सांगून झाली असेल. काल देवळापुढं सांगत होतो, तर आपले झेडपी शाळेचे दौलतराव गुरुजी (त्यांच्या रेडिओवर अर्धं गाव बातम्या ऐकतं) मधेच म्हणाले, ‘गुलाबभाऊ, परवा तं तुमी तो डबा पेटीएवढा सांगतला होता. आज कपाटाएवढा कसा झाला?’ सारे हसले. मी म्हणालो, गुरुजी, वस्तू मोठीच होती, मी आधी भिऊन लहान सांगितली.

पण शालिकराम, खरं सांगतो, मी अजून त्या मैदानातून बाहेर आलेलो नाही. डोळे मिटले की ते दिवे दिसतात. एकेक देश आपापलं दुकान मांडून बसलेला. आपल्या वाशीमच्या बाजारात जसे कापडवाले एका ओळीत आणि मिरचीवाले एका ओळीत, तसंच. फक्त इथं ओरडणारं कोणी नाही, यंत्रंच बोलत होती. त्या टेलिव्हिजनपुढं उभा राहिलो (चित्र घेणारं यंत्र आपल्या मागं होतं) आणि काचेत एक पाठमोरा माणूस दिसला, मळकी टोपी घातलेला. मी तुला म्हणालो, हा कोण खेडवळ दिल्लीत शिरला? तर तो मीच! तू हसून हसून खाली बसलास. मला मात्र हसू आलं नाही. चाळीस वर्षांत मी स्वतःला पाठीमागून कधी पाहिलं नव्हतं. माझी पाठ वाकली आहे, हे मला दिल्लीला जाऊन कळलं.

ते गार कपाटही विसरणार नाही. पंधरा दिवसांची वांगी आत, आणि देठ हिरवे! मी दार उघडून हात घातला तर तो कोटवाला ओरडला. त्याला काय माहीत, मला वांग्याची नाडी बघायची होती. असं कपाट माझ्याकडं असतं तर बाजाराच्या दिवसाची घाई करायची गरजच पडली नसती. मग ते कपडे धुणारं यंत्र. पाच मिनिटं मी नुसता त्याचं पोट फिरताना बघत होतो. मला राहून राहून वाटत होतं की हे ज्यानं बनवलं, त्यानं कधीतरी आपल्या आईचे हात नीट पाहिले असतील. नुसत्या बुद्धीनं असं काही सुचत नाही. कोणाचा तरी त्रास डोळ्यांत सलला पाहिजे. त्या मैदानातल्या प्रत्येक वस्तूमागं मला असा एकेक माणूस उभा दिसत होता. मी मनातल्या मनात साऱ्यांना रामराम केला.

अंजनाच्या मायलाही सारं सांगितलं. आता तुझ्या बहिणीला सांगायचं म्हणजे हातवारे आले. टेलिव्हिजनला अर्धा दिवस गेला. हातानं चौकोन केला, आत माणूस दाखवला, त्याला बोलता केला. ती विचार करून मोठ्यानं म्हणाली, ‘मंग ते मानसं जेवाले बाहेर येतेत का?’ आता काय सांगावं?

पाणी पाडायचं यंत्र मात्र तिथं कुठं दिसलं नाही. तेवढं कोणी आणलं तर कळव.

तुझा,
गुलाबराव

---

नवी दिल्ली,
ता. १२ डिसेंबर १९७२

ती. भाऊजींना शालिकरामचा नमस्कार.

तुमचं पत्र घरात मोठ्यानं वाचलं. आमच्या मंडळींनी पुऱ्यांचा मजकूर दोनदा वाचायला लावला. तुमच्यासोबत हिंडलो म्हणून मलाही ते प्रदर्शन दिसलं. नाहीतर दिल्लीत राहून मी एक रविवार उरकून मोकळा झालो असतो. वांग्याची नाडी बघणारा माणूस दिल्लीनं याआधी पाहिला नसेल.

पण भाऊजी, तुमच्या पत्रात सारं आहे, एकच गोष्ट नाही. टेलिव्हिजन आहे, कपाट आहे, धुण्याचं यंत्र आहे. ज्या टेबलापुढं तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ उभे होता, त्याचं नावसुद्धा नाही. कानाचं यंत्र. विसरलात म्हणू का? मला तर तुम्हाला तिथून हात धरून ओढून न्यावं लागलं होतं.

मी विसरलेलो नाही. टेबलामागच्या मुलीनं तुमच्या कानात ती गोळी बसवली, वायरीची डबी तुमच्या खिशात सोडली, आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी विचारलं, काय ऐकू येतं? तुम्ही म्हणालात, ‘कोनी तरी शेंगा फोडून राह्यलं.’ मागं वळून बघतो तर खांबाआड एक सरदारजी खरोखरच शेंगा खात होते! मी थक्क झालो. मग तुमच्याकडं पाहिलं तर तुमच्या डोळ्यांत पाणी. ताईची आठवण आली असणार, एवढं मला कळतं.

तीन वर्षांपूर्वी अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताईच्या उजव्या कानात थोडं शिल्लक आहे, यंत्र मिळालं तर लागू पडेल. तेव्हा असं यंत्र मिळतं कुठं, हेच आपल्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. त्या परदेशी यंत्रासारखंच इकडच्या दुकानातही मिळतं, मी चौकशी केली आहे. तीन भाऊबिजा मी रिठदला आपल्या घरीही आलो नाही आणि तुमच्याकडेही नाही. ताईनं तीन वर्षं माझ्या नावानं चंद्राला ओवाळलं. त्याची ही ओवाळणी समजा.

ताईला तो मुदतीचा ताप आला तेव्हा अंजना पाळण्यात होती. तुम्ही तेव्हा आमच्या बाबांना सांगितलं होतं, की नाल्याला पूर आला, दोन दिवस गाडी निघेना, म्हणून वाशीमच्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला. बाबा जाईपर्यंत त्या नाल्याला शिव्या देत होते. पाण्यापुढं माणसाचं काही चालत नाही. पण जे गेलं त्यातलं थोडं परत मिळत असेल तर का सोडावं?

तुमचा होकार येताच यंत्र घेतो.

आपला,
शालिकराम

---

शिरपूर जैन,
ता. २० डिसेंबर १९७२

चि. शालिकराम यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. यंत्र घेऊ नकोस.

ते टेबल लिहायचं राहिलं, कारण किती लिहिणार? चार पानं झाली होती. यंत्र उत्तम आहे यात वाद नाही. त्या मैदानातली सर्वांत लहान वस्तू आणि सर्वांत मोठी करामत, असं मी दौलतराव गुरुजींनाही सांगितलं. पण दिल्लीचं ते दिल्लीत. इथं मळ्यात धूळ, पाणी, चिखल. सेल संपला तर अकोल्याला जावं लागेल. बायका हसतील ते वेगळंच.

आणि तुला वाटतं तसा तुझ्या बहिणीला काही त्रास नाही. उलट तिची करामत बघायला तू एकदा बाजारात ये. ती भाव सांगते. गिऱ्हाईक म्हणतं कमी कर, ती ऐकतच नाही. गिऱ्हाईक पुन्हा म्हणतं, ती मेथी पुढं करून हसते. शेवटी दमून तेच पिशवी उघडतं. मी शेजारी बसतो तर मला कोणीही लुबाडतं. देवळाच्या धर्मशाळेतले यात्रेकरू तर तिच्याशिवाय कोणाकडून भाजी घेत नाहीत. माणसाचं तोंड पाहून ती ओळखते याला काय हवं. समोरून कोणी सावकाश बोललं तर ओठांवरून अर्धं समजून घेते. अशी हुशार बाई पंचक्रोशीत नाही, हे मी तुझी बहीण म्हणून म्हणत नाही.

अकरा-बारा वर्षांत आमचं बसलं आहे. पाणी म्हणजे असा हात, भाकर म्हणजे असा. भांडण नाही, तंटा नाही. असं घर दाखव बरं तुझ्या दिल्लीत! बसलेली घडी कशाला विस्कटायची? ओवाळणीच द्यायची तर चांगलं लुगडं पाठव, हिरवं.

विहिरीचं पाणी आणखी एक हात खाली गेलं. अर्ध्याच मळ्यात मेथी-पालक आहे.

तुझा,
गुलाबराव

---

नवी दिल्ली,
ता. २ जानेवारी १९७३

ती. भाऊजींना नमस्कार.

लुगडं पाठवलं आहे, हिरवं. आणि यंत्रही.

रागावू नका. तुमच्या नावानं पाठवलं असतं तर तुम्ही ते ट्रंकेत ठेवलं असतं, म्हणून दौलतराव गुरुजींच्या नावानं शाळेच्या पत्त्यावर रजिस्टर पार्सल केलं आहे. सोबत सहा सेल आहेत. कसं घालायचं ते गुरुजींना वेगळ्या चिठ्ठीत लिहिलं आहे.

भाऊजी, मी लहान आहे, पण एक विचारतो. धूळ, चिखल, सेल, बायकांचं हसणं, ही कारणं तुमच्यासारख्या माणसाची नव्हेत. तुम्ही तर नवं बियाणं दिसलं की पहिल्यांदा आपल्या वाफ्यात लावणारे. गावातला पहिला फवारणीचा पंप तुम्ही आणलात. मग याच यंत्राची तुम्हाला भीती का वाटते? ताईला ऐकू आलं तर तुमचं काय जाणार आहे?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. तिच्या कानात मात्र घाला.

आपला,
शालिकराम

---

शिरपूर जैन,
ता. २४ जानेवारी १९७३

चि. शालिकराम यास आशीर्वाद.

तुझं पार्सल संक्रांतीच्या दिवशी आलं. दौलतराव गुरुजी अंगावर धुतलेला सदरा घालून, दोन्ही हातांत पेटी धरून आमच्या अंगणात आले. त्यांनी चिठ्ठी तीनदा वाचली, सेल बसवला, कळ फिरवली. मग वायर माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘कानात तुमीच घाला, गुलाबभाऊ.’ गोळी दोनदा खाली पडली.

शालिकराम, मी दिल्लीत लाखो दिवे पाहिले, पण अंजनाच्या मायचा चेहरा त्या क्षणी जसा झाला तसं काही पाहिलं नाही. तिनं हात वर केला आणि एकदम थबकली. पुन्हा हलवला. बांगड्या! आपल्याच बांगड्या तिला ऐकू आल्या. पोरीसारखी ती हात हलवत राहिली. मग अंजना पुढं आली आणि नुसतं म्हणाली, ‘माय.’ तुझी बहीण तिच्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, ‘तुहा आवाज असा हाये व्हय? मले वाटे, बारीक असन.’ बारा वर्षांच्या लेकीचं बोलणं तिनं पहिल्यांदा ऐकलं. गुरुजी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी काय केलं ते लिहीत नाही.

त्या दिवसापासून ती घरभर ऐकत फिरते. पोहऱ्याचा दोर, शेळीचं चावणं, फोडणीचा आवाज. आमची म्हातारी आई इतकी वर्षं तिच्या समोर तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलायची, ती परवा अर्धंच बोलली आणि जीभ चावली. हे यंत्र ज्यानं घडवलं त्याच्या घरी कोणी तरी न ऐकणारं असणार. त्याच्या आईचं, नाहीतर बायकोचं भलं होवो.

एक अडचण आहे. डबी पोलक्यात अडकवली आणि वरून पदर आला, की कापडाची खरखर तिच्या कानात होते. गुरुजी म्हणाले बाहेर लावा. पण सासू घरात, रस्त्यानं वडीलधारे. ती डोक्यावरचा पदर कसा काढील? तर ती खरखर सोसते, पण पदर सोडत नाही. बाहेरच्याला वायरही दिसत नाही.

आता तू विचारलं होतंस ते.

हे पत्र मी आठ दिवस लिहितो आहे. तू विचारलंस, तिला ऐकू आलं तर तुमचं काय जाणार. ऐक.

नाल्याला पूर नव्हता.

ती त्या साली भादव्यात आजारी पडली. ताप उतरेना, बडबडायला लागली. गावातले वैद्य म्हणाले, वाशीमला न्या, उद्याच न्या. त्या दिवशी वांगी तोडून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वाशीमचा बाजार. पहिलंच चांगलं पीक, भाव चढलेला. माझ्याकडं एकच गाडी. मी स्वतःला सांगितलं, एक दिवस काढून घेऊ, आल्यावर नेऊ. संध्याकाळी गाडी जुंपली. गाडी वाशीमलाच गेली, शालिकराम. दवाखान्याच्या दारावरून गेली. गाडीत वांगी होती. जिथं तिला निजवायचं, तिथं टोपल्या होत्या. मी परत आलो तोवर ती बेशुद्ध होती, आणि शुद्धीवर आली ती न ऐकणारीच. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायचं. तुझ्या वडिलांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पूर निघाला. एकदा निघाला तो मग परत घेता आला नाही.

मेथी कापताना ती ओळीनं पुढं जाते आणि मी मागून जुड्या बांधत येतो. अकरा-बारा वर्षं मी तिच्या पाठीशी बोलत आलो आहे. कोणाला सांगता येत नव्हतं ते तिलाच सांगत होतो, कारण तिला ऐकू येत नव्हतं. रोज नाही, पण मन जड झालं की. सांगितलं की दोन दिवस जेवण गोड लागायचं. दिल्लीत ते यंत्र कानात घातलं आणि मला दिसलं की हिला हे मिळालं तर माझं बोलणं संपलं. तुला माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं ते तिच्या आठवणीचं होतं, पण नुसतं तेवढंच नव्हतं.

संक्रांतीपासून मी मळ्यात एक शब्द बोललेलो नाही. ती मागं वळून वळून बघते.

आता तुला जे ठरवायचं ते ठरव. तिला सांगायचं असेल तर सांग. माझी हरकत नाही, फक्त मला हिंमत नाही.

गुलाबराव

---

नवी दिल्ली,
ता. ३ फेब्रुवारी १९७३

भाऊजी,

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं आणि फाडायला घेतलं. आमच्या मंडळींनी हातातून काढून घेतलं.

माझे बाबा मरेपर्यंत एका कोरड्या नाल्याला शिव्या देत राहिले, हे मला गिळता येत नाही. आज तुम्ही समोर असता तर मी काय बोललो असतो मला ठाऊक नाही. म्हणून पत्र लहान लिहितो.

मी ताईला काही सांगणार नाही. हे माझं काम नाही. तुम्ही सांगा. आणि पाठीला सांगू नका, तोंडावर सांगा. पहिल्या पत्रात तुम्ही मला लिहिलं होतं, कोणाचा तरी त्रास डोळ्यांत सलल्याशिवाय असं यंत्र बनत नाही. तुमच्या डोळ्यांत तो बारा वर्षं सलतो आहे, हे मला आता कळलं. पण सलून उपयोग काय, जिचा तिला कळला नाही तर?

त्यानंतर माझ्याशी बोला.

शालिकराम

---

शिरपूर,
ता. २६ फेब्रुवारी १९७३

चि. शालिकरामला ताईचा आशीर्वाद.

मी चौथीपर्यंत शिकले ते तुला पत्र लिहिण्यापुरतं कामी आलं. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. अंजना म्हणत होती मी लिहून देते. मी म्हटलं, हे पत्र तुझ्या कामाचं नाही.

तुझी ओवाळणी कानात घालूनच लिहिते आहे. खापराच्या कौलावर चिमणी चालते तेही ऐकू येतं. जगात इतका आवाज आहे हे मी विसरलेच होते. ज्यानं हे केलं त्याला माझं आयुष्य लागो, आणि ज्यानं पाठवलं त्यालाही.

तुझ्या भाऊजींनी तुला काय लिहिलं ते त्यांनी मला परवा सांगितलं आणि तुझं उत्तर वाचून दाखवलं. त्याआधी काय झालं ते ऐक.

यंत्र आल्यापासून हे मुकेच झाले होते. मला वाटलं, मला ऐकू येतं तर ह्यांना आवडलं नाही. मनात फार वाईट आलं. मग मागच्या आठवड्यात सेल संपले. मी यंत्र काढून कोनाड्यात ठेवलं ते ह्यांनी पाहिलं. गुरुजी अकोल्याला गेले होते, ते दुपारी सेल घेऊन घरी आले. मी तिथंच सेल बसवला, गोळी कानात घातली, वरून पदर घेतला आणि मळ्यात गेले. ह्यांना ते ठाऊक नव्हतं. पदराखालचं कोणाला दिसतं?

मी पुढं मेथी कापत होते. मागून आवाज आला. मला वाटलं बैलाशी बोलतात. मग माझं नाव आलं. शालिकराम, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर माझं नाव ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. विळा जरा थांबला. पण मी वळले नाही, कापत राहिले.

‘गिरजे, गाडीत जागा होती,’ हे म्हणत होते. ‘वांगे उतरून ठेवाले पायजे होते. मी नाई ठेवले. तुहा भाऊ म्हनते तोंडावर सांग. कसं सांगू? तू माह्यासमोर जेवाले बसन नाई मंग.’

ओळ संपेपर्यंत मी ऐकलं. मग वळले आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर सोडला. ह्यांना वायर दिसली. हातातली जुडी सुटून पसरली. हे असे बसले जसं कोणी ढकललं.

मी म्हटलं, ‘मी पाह्यली होती गाडी भरतानी.’

खरंच पाहिली होती. मी खाटेवर होते, दार उघडं होतं. तापानं डोकं गेलं होतं, डोळे नव्हते गेले. टोपल्या एकावर एक चढल्या, मग चाक फिरलं. मला वाटलं मलाही उचलतील. नाही उचललं. बारा वर्षं मी त्या मळ्यातलं वांगं विकलं, पण खाल्लं नाही. ह्यांना वाटायचं मला पित्त होतं.

हे म्हणाले, ‘मंग बोलली काहून नाई?’

मी म्हटलं, ‘तुमी काहून नाई बोलले?’

‘मी तं बोलतच होतो.’

‘मले कुठं आयकू येत होतं?’

हे रडले. मी पण रडले. नंतर विस्कटलेली मेथी गोळा केली, कारण बाजार दुसऱ्या दिवशी होता.

शालिकराम, ह्यांनी बाबांना पूर सांगितला याचा राग तू धरून बसला आहेस. मला तेव्हाच लोकांच्या तोंडावरून कळलं होतं, हे पुराचं सांगून राहिलेत. मीही खोडून काढलं नाही. माहेरी सांगितलं असतं तर बाबांनी मला घेऊन जायचं म्हटलं असतं, आणि पाळण्यातली पोर घेऊन मी कुठं कुठं फिरले असते? मी ठरवलं, राहायचं, पण माफ करायचं नाही. तसंच केलं. हातवारे केले, भाकरी टाकल्या, बाजार केला, आणि आत दगड ठेवला. गाडी भरली याचा तो दगड नव्हता रे. गरीब माणूस, पिकलेला माल, चूक होते. दगड याचा होता, की या माणसाला त्याचं काहीच वाटत नाही. बारा वर्षांत एकदाही हा माणूस माझ्यापुढं खाली बघून बसला नाही. मी रोज ह्यांच्या तोंडाकडं बघायची, काही दिसतं का. काही दिसायचं नाही. दिसणार कसं? जे होतं ते सारं माझ्या पाठीला सांगत होते.

गाडी गेली हे मला ठाऊक होतं. ह्यांना ते सलतं, हे ठाऊक नव्हतं. ते तुझ्या यंत्रानं ऐकवलं.

आता हे समोर बसून बोलतात. सवय नाही, म्हणून अजून मधेच हातवारे करतात. काल वांग्याची भाजी केली होती. ह्यांनी माझ्या ताटाकडं बघितलं. मी खाल्ली. चांगली झाली होती.

या दिवाळीला नक्की ये. आणि येशील तेव्हा ह्यांच्याशी नीट बोल. तुझं तोंड फुगलेलं असेल तर ते घरी ठेवून ये. रागावायचं होतं तितकं मी बारा वर्षं रागावून घेतलं आहे. त्यातलं तुझ्या वाट्याला मी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

तुझी,
ताई